जर्सीच्या नंबरानं

बर्फावर रक्त पडलं की ते लाल राहत नाही, गुलाबी होतं. रिंकवरचा माणूस फावडं घेऊन येतो, तेवढा पापुद्रा खरवडून बादलीत टाकतो, की खेळ पुढे सुरू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, आता सगळे घरी जातील. कोणी जागचं हललं नाही. शेजारच्या बाईनं माझ्यापुढे डोनटचा डबा धरला.

मी कॅनडात रिचमंड हिलला मुलाकडे राहायला आले तेव्हा नातू मांडीवर बसून गोष्ट ऐकण्याएवढा होता. बर्फावरच्या हॉकीतल्या त्याच्या वयाच्या गटाला चेक करायची परवानगी मिळाली तोवर तो माझ्यापेक्षा उंच झाला होता. चेक म्हणजे काय, तर ज्याच्याकडे पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, आहे त्याला खांद्यानं धडक देऊन आडवा करायचा. नियमात बसतं, म्हणून शिट्टी वाजत नाही. आदल्या वर्षापर्यंत हीच पोरं एकमेकांवर आपटली की सॉरी म्हणायची. त्या हिवाळ्यात एकाचं नाक फुटलं, एकाच्या हनुवटीला टाके पडले, एकानं स्वतःचीच जीभ चावून अर्धी तोडली. आणि वर बाकांवर बसलेले बाप, दिवसभर ऑफिसात प्लीज आणि थँक्यू म्हणणारी माणसं, ओरडायची: हिट हिम.

आता यात माझा कॉम्प्युटर कुठून आला, ते सांगते. माझं शिक्षण नागपूरला बारावीपर्यंत, पुढे संसार. इथं आल्यावर थंडीत घराबाहेर पडवत नव्हतं. मुलाचा जुना कॉम्प्युटर बेसमेंटमध्ये धूळ खात होता. लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि पायथन शिकायला बसले. ही प्रोग्रॅम लिहायची भाषा फुकट, तिच्याबरोबरचा एका फाइलीत मावणारा डेटाबेस फुकट, वेबपेज दाखवणारा सर्व्हरही फुकट. शिवाय या सगळ्यांचा कोड उघडा, झाकण काढून आत बघा म्हणणारा. अडलं की मी एका मेलिंग लिस्टवर प्रश्न टाकायचे. नोव्हा स्कोशियातल्या कुणा अनोळखी माणसानं माझी चाळीस ओळींची भानगड दहा ओळींत बसवून दिली. मी कोण, किती शिकलेली, काही विचारलं नाही. म्हणून मीही ठरवलं, आपण जे करू ते असंच उघडं ठेवायचं. ज्याला पाहिजे त्यानं न्यावं, हवं तसं बदलावं.

माझं पहिलं खरं काम म्हणजे नातवाच्या टीमचं पान. कोच मॅचनंतर स्कोअरशीटचा फोटो पाठवायचा. मी ते आकडे एका साध्या फाइलीत टाइप करायचे, स्वल्पविराम देऊन देऊन. माझी स्क्रिप्ट ती फाइल वाचून डेटाबेसात भरायची आणि पान नवं व्हायचं: गोल किती, पास किती, पेनल्टी किती मिनिटं. पोरांचा क्रम मी जर्सीच्या नंबरानं लावला होता. पहिला नंबरवाला पहिला, नव्वदवाला शेवटी, मग त्यानं गोल केलेले असोत नसोत. कोडमध्ये त्या ओळीच्या वर मी एक टीप लिहून ठेवली होती. देवनागरी टाइप केली की तेव्हा नुसती प्रश्नचिन्हं उमटायची, म्हणून रोमन अक्षरांत, पण मराठीच: क्रम जर्सीच्या नंबरानं. बदलू नये, पोरं भांडतात.

टीममध्ये आणखी एक मराठी मुलगा होता. त्याच्या बापाला आम्ही घरात पुणेकर म्हणायचो. वॉटर्लू शहरातल्या एका कंपनीत होता, आठवड्यातून दोनदाच ऑफिसला जायचा, बाकी घरून काम. सभ्य माणूस. मला वाकून नमस्कार करायचा, बायकोनं केलेल्या चकल्या आणून द्यायचा. एक दिवस म्हणाला, "काकू, तुमचा कोड घेतला हं मी. चालेल ना?"

म्हटलं, "अरे, घेण्यासाठीच ठेवलाय. विचारतोस काय."

आनंदच झाला मला, खोटं कशाला सांगू. त्यानं केलेलं पान माझ्या पानापेक्षा कितीतरी चांगलं होतं. भराभर उघडायचं, फोनवरही नीट दिसायचं. आणि त्यात एक रकाना वाढला होता: हिट्स. रिंकवर तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि कोणी कोणाला धडकून पाडलं की एक कळ दाबायचा. पानावर तेवढ्यात आकडा वाढायचा. मी कोड उघडून पाहिला. माझी टीप होती तशीच होती, बदलू नये, पोरं भांडतात. तिच्या खालची ओळ मात्र त्यानं बदलली होती. आता क्रम हिट्सनं लागत होता, मोठा आकडा वर. सगळ्यात वरच्या पोराची ओळ लाल.

एवढ्या एका ओळीनं काय झालं ते मी बाकावर बसून बघत होते. पोरं पकच्या मागे जाईनाशी झाली, माणसाच्या मागे जायला लागली. पक कोपऱ्यात एकटा पडलेला असायचा आणि दोघं तिघं एकाला कडेच्या फळ्यांवर दाबून धरायचे. त्या फळ्यांचा आवाज पोटात जातो. लाकूड, मग प्लास्टिकची काच, मग आतलं पोर, अशा क्रमानं. घरी आल्यावर माझा नातू बूट काढायच्या आधी लॅपटॉप उघडायचा. दुसऱ्या टीमची पोरंही ते पान बघायची, उघडंच होतं ना. पुणेकराचा मुलगा बहुतेक वेळा लाल असायचा. माझा नातू त्याच्या खाली, एका दोनाच्या फरकानं. मुलाला मी म्हटलं, त्या माणसाला सांग, तो रकाना काढ. मुलगा म्हणाला की कोचला आवडतोय, आणि पोरगा पहिल्यांदाच कशात तरी वर येतोय, तर येऊ दे. पुणेकराला मी स्वतः म्हटलं. तो हसून म्हणाला की काकू, तुमचं पान आहेच की, ज्याला गोल बघायचेत तो ते बघेल. त्याचंही बरोबर होतं. दिलेली वस्तू होती ती, परत कशी मागायची.

मग ती मॅच. समोरच्या टीमचा एक बारका मुलगा फळीजवळ पाठ करून वाकला होता, पक काढत होता. माझा नातू रिंकच्या मधूनच वेग घेऊन निघाला. मला दिसत होतं तो कुठे चाललाय. मी उभी राहून त्याला हाक मारली, पण त्या आवाजात हाक कुठे पोचते. त्यानं त्या पोराला पाठीमागून धडक दिली. खांदा आधी फळीवर गेला, मग हेल्मेट काचेवर, मग पोर खाली घसरलं आणि तसंच राहिलं. एक हात भलत्याच बाजूला वळला होता. मग ते किंचाळायला लागलं, बाळ किंचाळतं तसं.

शिट्टी वाजली, रेफरी धावला. आणि माझ्या नातवानं काय केलं? त्यानं खाली पडलेल्या मुलाकडे पाहिलं नाही, रेफरीकडेही नाही. मान वर करून त्यानं बाकांकडे पाहिलं, पुणेकराकडे, लॅपटॉपकडे. मोजली का, एवढंच त्याला बघायचं होतं. पुणेकरानं नाही म्हणून मान हलवली. पाठीमागून मारलेली, पेनल्टीची, मोजत नाहीत.

ॲम्ब्युलन्स गेली. नातवाला खेळातून काढलं आणि पुढच्या काही मॅचमधूनही. आम्ही पार्किंग लॉटमध्ये आलो, थंडी अशी की नाकातले केस टोचत होते. मला वाटलं मुलगा आता पोराला फैलावर घेईल. तो गेला पुणेकराकडे.

"ती मोज," म्हणाला.

"पेनल्टीची मोजत नाहीत. नियम आहे."

"नियम तूच केलास. तुझा पोरगा वर राहावा म्हणून."

पुणेकर म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोराचा खांदा मोडलाय तिकडे." हे बोलला तोही लॅपटॉपची बॅग छातीशी घट्ट धरून.

माझा मुलगा, केबल कंपनीनं जास्त बिल लावलं तरी फोन करायला लाजणारा, त्यानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला. पुणेकरानं बॅग खाली ठेवली, नीट ठेवली, आणि माझ्या मुलाचं डोकं धरून आमच्याच गाडीच्या बॉनेटवर आपटलं. मग दोघं बर्फात पडले. बूट घसरत होते, मारायला जोर लागत नव्हता, म्हणून एकमेकांचे कान, केस, जे हाताला लागेल ते पिरगळत होते. कुणाचं तरी जॅकेट फाटून आतली पिसं उडाली आणि ओठांवरच्या रक्ताला चिकटली. शिव्या मराठीत चालल्या होत्या, आईवरून. त्यातल्या एकाची आई मी, दोन हातांच्या अंतरावर थर्मास घेऊन उभी. शेवटी झाकण काढलं आणि चहा दोघांवर ओतला. गरम होता. असू दे. उठले.

नातू गाडीत मागच्या सीटवर बसून काचेतून बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी पुणेकराचा कोड उघडला. आमच्या या उघड्या कारभारात एक रीत आहे: दुसऱ्याच्या कामात काही पटलं नाही तर नुसती तक्रार करत बसायचं नाही. स्वतः बदल लिहायचा, काय केलं आणि का केलं ते दोन ओळींत सांगायचं आणि पाठवायचं. घ्यायचा की नाही, ते त्याच्या हातात. मी हिट्सच्या शेजारी एक रकाना घातला. ज्याला लागली, त्याचं पुढे काय झालं. पुणेकराचं उत्तर लगेच आलं. सुजल्या ओठानं लिहिलेलं असणार, पण आदरानं लिहिलेलं: काकू, कोड ठीक आहे, पण या रकान्यात भरायची माहितीच आपल्याकडे नसते, तेव्हा तूर्त घेता येत नाही.

खरंच नव्हती. मग म्हटलं, आणू या. कोचकरवी त्या मुलाच्या आईला विचारलं, येऊ का. तिनं या म्हणून कळवलं. नातवाला मी कोट घालायला सांगितलं. तो म्हणाला, "आज्जी, इट्स पार्ट ऑफ द गेम." मी म्हटलं, असेल, बूट घाल.

दोन बस बदलून गेलो. तो जखमी मुलगा सोफ्यावर होता, हात झोळीत, गळ्याखालचं हाड मोडलेलं, शर्टाची एक बाही रिकामी. मी आईशी बोलत राहिले, तिनं पाणी दिलं, मी गाजराचा हलवा नेला होता तो ठेवला. नातू दाराशी उभा, टोपी हातात. सॉरी म्हणाला, चटईकडे बघून. त्या मुलानं एकदम विचारलं, "डिड दे काउंट मी?"

नातवाला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहरा उतरला त्याचा.

"नो," तो म्हणाला.

"नॉट इव्हन वन?" तो पोरगा हसायला लागला. हसताना हाड हललं असणार, कारण हसता हसता तो किंचाळला, अगदी रिंकवर किंचाळला होता तसाच, आणि त्याच्या आईनं धावत येऊन त्याचा खांदा धरला. माझा नातू दारातून मागे सरकला, भिंतीला टेकला आणि तिथेच खाली बसला. बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला, फोन न काढता. रकान्यात काय भरू, मी त्याला विचारलं नाही. तो बदल आजही तसाच पडून आहे, घेतलेलाही नाही आणि नाकारलेलाही नाही. पुणेकराचं पान सीझन संपेपर्यंत चाललं.

शिक्षा संपल्यावरच्या पहिल्या मॅचला मी गेले. जवळजवळ तसाच प्रसंग आला, कोपरा तोच, पाठ करून वाकलेला एक मुलगा, आणि माझा नातू वेगात. अगदी जवळ गेल्यावर त्यानं स्केट आडवे केले, बर्फाचा फवारा उडाला, तो थांबला. तो मुलगा दचकून वळला आणि वळता वळता त्याच्या काठीचा दांडा नातवाच्या हेल्मेटच्या जाळीखालून हनुवटीत घुसला. नातू गुडघ्यांवर. आमच्याच बाजूचा कोणी बाप ओरडला की सॉफ्ट आहेस, सॉफ्ट. बर्फ गुलाबी व्हायला लागला.

पुणेकर दोन बाक पुढे बसला होता, मांडीवर लॅपटॉप. नातवानं वर पाहिलं नाही. हनुवटीखाली हातमोजा दाबून तो फावडेवाल्या माणसाला जागा दाखवत होता, इथे, आणि इथे.