आगाऊ घेतलेले अंगठे

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पनवेलला माझी भातगिरणी होती. तिथल्या हमालांचे अंगठे मी दिवाळीतच घेऊन ठेवायचो. पगारपत्रकाच्या कोऱ्या पानांवर, डाव्या हाताचे, थेट वैशाखापर्यंतचे, सगळे एका बैठकीत. पुढे महिन्याच्या महिन्याला मजुरी दिली की दिवाणजी ठशाशेजारी आकडा भरायचे. दर वेळी शाई काढा, रांग लावा, कामाचा खोळंबा करा, कुणी सांगितलंय? आजूबाजूचे गिरणीवालेही हेच करत आणि त्यात काही गैर आहे असं आम्हाला वाटत नव्हतं.

त्या माघात गव्हाणच्या एका हमालाचा डावा हात इंजिनाच्या पट्ट्यात गेला. चालत्या पट्ट्याजवळचा कोंडा काढायला त्याला मीच सांगितलं होतं, कारण इंजिन थांबवलं की अर्धा तास वाया. पट्ट्याने त्याला कोपरापर्यंत खेचलं, भिंतीवर आपटलं आणि सोडलं. हाड मोडल्याचा आवाज त्या धडधडीतही ऐकू आला. तांदळाच्या ढिगावर रक्ताची चिळकांडी उडाली. आणि मी पहिल्यांदा ओरडलो ते "तांदूळ बाजूला घ्या" म्हणून. आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. हात कोपराखाली कापावा लागला.

दवाखान्याचा खर्च मी केला. जखम सुकते न सुकते तोच त्याला राखणीला फाटकावर बसवलं. दोन वेळचं जेवण माझ्या घरून जायचं. फाल्गुन आणि चैत्राची मजुरी मात्र दिली नाही. एका हाताच्या माणसाला पोसतोय हेच खूप झालं, अशी माझी मिजास.

वैशाखात तो बायकोला घेऊन गिरणीत आला.

"शेट, दोन म्हैन्यांची मजुरी नाय दिली तुमी."

"आणि खाल्लंस ते काय होतं?"

"जेवान येगलं, मजुरी येगली."

सगळ्या हमालांसमोर मला असं कुणी ऐकवलं नव्हतं. हातात धान्य मोजायची लोखंडी पायली होती, ती मी फेकून मारली. त्याची भुवई फुटली, तो मटकन खाली बसला. त्याच्या बायकोने कमरेचा विळा काढला.

"हात खाल्लास, आता मजुरी पन खातंस?"

पहिला वार माझ्या खांद्यात रुतला. दुसरा दिवाणजींनी मध्ये घातलेल्या छत्रीवर बसला. मी तिला लाथ घातली, ती खांबावर आदळली, तिचं डोकं फुटलं, तरी ती पुन्हा उठली. हमालांनी आम्हाला ओढून बाजूला केलं म्हणून कुणाचा जीव गेला नाही. पोलिसांत कोणीच गेलं नाही. विळ्याचं निघालं असतं तर पायलीचंही निघालं असतं.

त्याने सरकारी कामगार कचेरीत मजुरीचा दावा लावला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुनावणीच्या सकाळी मी दिवाणजींना म्हटलं, "फाल्गुन आणि चैत्राचे आकडे भरा. मजुरी दिली म्हणून."

"शेट, पण ते ठसे..."

"ठसे आहेत ना? मग भरा. तोंड चालवू नका!"

त्यांनी आकडे भरले.

कचेरीत मी पगारपत्रक दावा ऐकणाऱ्या साहेबांच्या टेबलावर आपटलं. "दिलेत पैसे. हा बघा त्याचा अंगठा."

साहेबांनी दोन्ही पानं सावकाश पाहिली. "डाव्या हाताचा?"

"डाव्याच. आमची पद्धतच आहे."

"याचा हात कधी तुटला?"

"माघात," मी ठसक्यात सांगितलं.

साहेबांनी चैत्राचं पान माझ्याकडे फिरवलं. समोर तो हमाल उभा होता, डाव्या बाहीला गाठ मारलेली. दिवाणजी जमिनीकडे बघत होते. सकाळी त्यांना हेच सांगायचं होतं आणि मी त्यांना बोलू दिलं नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, विळ्याचा घाव त्यापुढे काहीच नव्हता.

मजुरी आणि वर भरपाई, तिथल्या तिथे भरायचा हुकूम झाला. मी पाकीट काढलं आणि सवयीने आधी शाईची डबी त्याच्यापुढे सरकवली.

त्याने उजवा हात पाठीमागे नेला. फुटलेल्या भुवईखालून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "आता यो एकच हाय, शेट. आदी पैसं ठेवा."