मेश्रामभाऊंचं पहिलं विमान

चिमट्यांचं भांडं मेश्रामभाऊंनी उजव्या हाताने माझ्याकडे परत सरकवलं आणि हे पोरासोरांचे खेळ आता बंद करा म्हणून सांगितलं. कपडे वाळत घालायचे चिमटे डाव्या हाताच्या बोटांनी दाबून दोरीला लावायचे, हा त्यांचा व्यायाम होता. तीन आठवड्यांत चार चिमटे लागले होते.

मी चंद्रपुरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. सोपं सांगायचं तर फिजिओ पेशंटला चालायला लावतो, मी त्याला शर्टाची बटणं लावायला लावते. मेश्रामभाऊ कोळसा खाणीत बावीस वर्षं डंपर चालवत होते. पॅरालिसिसचा झटका आला. पाय सुधारला, डावा हात मागे राहिला. आम्ही पेशंटला आधी ‘गोल’ विचारतो, म्हणजे बरं होऊन काय करायचंय ते. त्यांचं उत्तर होतं, डंपर. मग मेडिकल बोर्डाने त्यांना डंपरसाठी अनफिट ठरवलं.

मी पुन्हा गोल विचारला.

“विमान उडवाचं आहे,” ते म्हणाले. “रिमोटवालं.”

त्यांच्या पत्नी मायाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यात एक काळं फायटर विमान गिरक्या घेत होतं. महिनाभरापासून हे एवढंच पाहतात, असं त्यांनी सांगितलं.

मला आनंद झाला, कारण रिमोटला दोन्ही अंगठे लागतात. अशी विमानं विकणाऱ्या नागपूरच्या एका दुकानदाराला फोन केला. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. आधी कधी उडवलंय का, आणि हात किती चालतात. मी दीड म्हटलं. तो हसला नाही.

फायटर पहिलं विमान म्हणून घेऊच नका, असं तो म्हणाला. ते वेगात जातं, वेग कमी झाला की एका अंगावर कलतं आणि स्वतःहून सावरत नाही. नवशिक्याने हाय-विंग घ्यावं. त्यात पंख विमानाच्या पाठीवर असतात, त्यामुळे रिमोटवरची काडी सोडली की ते आपोआप सरळ होतं. अंग फोमचं असावं, तुटलं तर चिकटवता येतं. आणि थ्री-चॅनल पुरे. वळवणं आणि वर-खाली करणं उजव्या काडीवर, डाव्या काडीवर फक्त वेग. ती काडी जिथे सोडाल तिथेच राहते. म्हणजे डाव्या हाताला एकच काम.

मी भाऊंना हाय-विंगचा फोटो दाखवला.

“हे तं बदक आहे,” मेश्रामभाऊ म्हणाले.

विमान विकत घेण्याआधी सिम्युलेटरवर सराव करा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. रिमोट कॉम्प्युटरला जोडायचा आणि विमान स्क्रीनवर उडवायचं. भाऊंनी त्यावर फायटर निवडलं. ते रोज पडायचं. मी ते बदलायला लावलं नाही. चार चिमट्यांवर अडलेला हात आता सलग अर्धा तास चालत होता. माझ्या रिपोर्टमध्ये ते फार छान दिसत होतं.

दुसऱ्या आठवड्यात ते आलेच नाहीत. मायाबाईंचा फोन आला. हात कामातून गेला म्हणतात, जेवतही नाहीत, असं त्या सांगत होत्या. चूक कुठे झाली ते मला तेव्हा समजलं. विमान चुकीचं होतं आणि भाऊ खापर हातावर फोडत होते.

मी त्यांच्या घरी गेले. खाणीत नव्या डंपर ऑपरेटरांना भाऊच शिकवायचे, हे मला माहीत होतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कोणता डंपर देता, असं मी विचारलं.

“सगळ्यात लहान. तोही खाली, बिना कोळशाचा.”

“त्याचा हात खराब असतो म्हणून?”

“हात खराब नसते, मॅडम. त्याले अंदाज नसते.” मग त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. “ते बदक मागवा,” म्हणाले.

मायाबाईंच्या भावाचं शेत आरमोरीजवळ आहे. धान कापून झालं होतं, शेत मोकळं होतं. गडचिरोली जिल्ह्यात आकाशात काही दिसलं की चौकशी होते, म्हणून आधीच पोलीस ठाण्यात अर्ज दिला. कॅमेरा आहे का, असं साहेबांनी विचारलं. नाही म्हटलं. मग उडवता कशाला, असं विचारलं. मेश्रामभाऊंनी डावा हात पुढे केला आणि मूठ उघडून दाखवली. त्याला वेळ लागला. साहेब तेवढा वेळ थांबले आणि मग अर्जावर सही केली.

सकाळी वारा नव्हता. विमान हाताने सोडायचं होतं. ते मायाबाईंनी सोडलं, पूर्ण ताकदीनिशी. ते धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून गेलं, वळलं, परत आलं आणि मिनिटभरात बांधीत, धानाच्या मोकळ्या खाचरात उतरलं. नाकावरचा पंखा तुटला. भाऊ धुऱ्यावर बसले. डाव्या हातात विमान धरून त्यांनी उजव्या हाताने पंख्याचा स्क्रू काढला आणि नवा पंखा लावला. डावा हात किती वेळ चालला ते मोजायला मी विसरले. तेही रिपोर्टमध्ये यायला हवं होतं.

भाऊ आता खाणीच्या वजनकाट्यावर बसतात. शर्टाची बटणं स्वतः लावतात, गळ्याजवळचं एक सोडून. दर रविवारी आरमोरीला जातात.

पेशंट मेहनत करतोय म्हणजे आपण दिलेलं काम योग्यच आहे, असं नसतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं.