पहिल्या पसंतीचं मत

आमच्या घरात मास्तर दोन, पण पगार एकाचाच. मी अमरावतीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. हे मूर्तिजापूरच्या पुढे एका खेड्यातल्या कॉलेजात इतिहास शिकवतात. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, मग ऑटो, मग थोडं पायी, आणि दुपारनंतर तोच प्रवास उलटा. कॉलेज खाजगी, विनाअनुदानित. म्हणजे संस्था देईल तेव्हा आणि देईल तेवढं मानधन. सरकारनं अनुदान मंजूर केलं की पूर्ण पगार सुरू होईल, या आशेवर तिथली सगळी मंडळी टिकून आहेत. आमच्या ह्यांनी या आशेवर बावीस वर्षं काढली.

मी काही शांत बाई नाही. दर जूनला कॉलेजचं नवं सत्र सुरू झालं की माझंही सुरू व्हायचं : सोडा ती नोकरी. अमरावतीत गल्लोगल्ली क्लासेस आहेत, कुठेही हातोहात घेतील. हे ऐकून घेत, डबा उचलत आणि निघत. एकदा चिडून मी म्हटलं, "कॉलेज संस्थेचं, मालक ते, मग पगार सरकारनं कावून द्यावा?" शर्टाची बटणं लावता लावता हे म्हणाले, "कॉलेज त्यायचं असंन. पोट्टे कोणाचे हायेत?" मी रुमाल घेतला का ते विचारलं.

मग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली. शिक्षकांनी आपला आमदार निवडायचा आणि त्यानं अनुदानाचा प्रश्न सभागृहात मांडायचा, असा सगळा हिशोब. मत फक्त माध्यमिक शाळांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांना. मी पूर्ण पगाराची, पण प्राथमिकची, म्हणून मला मत नाही. ह्यांना पगार नाही, पण मत आहे. यावरून मी ह्यांना आठवडाभर चिडवून घेतलं.

या वेळी ह्यांचाच एक जुना विद्यार्थी उभा होता. पहिल्या काही तुकड्यांमधला. बी.ए. झाल्यावर घरचे त्याला कामाला लावणार होते, तेव्हा ह्यांनी त्याला स्वतः विद्यापीठात नेऊन एम.ए.चा फॉर्म भरायला लावला होता. आता तो अकोल्याकडच्या एका विनाअनुदानित कॉलेजात तासिकेवर शिकवत होता. त्याच्या पत्रकावर मागणी एकच, अनुदान. ह्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ही निवडणूक येते सहा वर्षांनी. पुढच्या खेपेला ह्यांचं नावही यादीत नसणार. अनुदान यायचं तर याच दोन वर्षांत यायला हवं होतं. हे मला माहीत होतं, ह्यांनाही.

दोन महिने हे प्रचाराला फिरले. रविवारी स्कूटर काढायची आणि परतवाड्यापासून बाळापूरपर्यंत जिथे ओळखीचा मास्तर असेल तिथे जायचं. ज्याला त्याला एकच धडा : नावापुढं पहिल्या पसंतीचा १ हा आकडा लिहायचा, टिक मारायची नाही, सही करायची नाही. टिक मारली की मत बाद. मास्तरांची मतं दरवेळी अशीच वाया जातात म्हणे. घरी तर ह्यांनी नमुन्याची मतपत्रिका काढून माझ्याकडूनही आकडा गिरवून घेतला. मला मत नाही, याची मी आठवण करून दिली. "असू दे. ध्यानात राह्यलं पाह्यजे," हे म्हणाले.

मतदानाच्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि दुपारी परत आले ते ताटावर नुसते बसून राहिले. वरण गार झालं.

"काय झालं?"

"मत बाद झालं."

"कोणाचं?"

"माहंच."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"त्याचं नाव दिसलं," हे म्हणाले. "पुरं नाव, बापाच्या नावासकट. हजेरीत घेत होतो तसं. पेपर तपासाले घेतल्यासारखं वाटलं अन् हातानं टिक मारून देल्ली. पेटीत टाकल्यावर ध्यानात आलं."

मी हसले. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. मग ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली. "त्याले सांगू नको," एवढंच हे म्हणाले.

निकाल लागला. पोरगा पडला, आणि असा मागे पडला की ह्यांचं एक मत असतं तरी काही बिघडलं किंवा सुधारलं नसतं. मला वाटलं, ह्यांना हायसं वाटेल. ह्यांचं जेवण उलट आणखीच कमी झालं.

पुढच्या रविवारी सकाळी तो घरी आला. ह्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, तुमची मेहनत वाया घालोली मी." ह्यांना राहवलं नाही. मला सांगू नको म्हणणाऱ्या माणसानं सगळं आपल्या तोंडानं सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "किती मार्क देल्ले, सर?"

"पैकीच्या पैकी," हे म्हणाले.

दोघंही हसले. हसता हसता पोराचे डोळे भरले. पोरगा म्हणते मी, पण कानाशी केस पांढरे झालेला तो. पोहे पुढे ठेवले तरी त्यानं चमचा उचलला नाही. "सर, नांदगाव पेठेत एका कापडाच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा भेटून राह्यली. पोरगी शाळेत जायची झाली. काय करू?"

ह्यांचं उत्तर मला पाठ होतं. थांब, होईल, सरकारला द्यावंच लागेल. बावीस वर्षं मी तेच ऐकत आले होते.

"सोड," हे म्हणाले. "उद्याच जाऊन भेट त्यायले. माह्यासारखं नको करू."

तो जाईपर्यंत मी दम धरला. दार लागलं आणि माझा भडका उडाला. "इतकी वर्षं मी काय दगडाशी बोलत होते? त्याला एका मिनिटात सांगितलंत! मग स्वतः का नाही सोडली?"

ह्यांनी त्याची न खाल्लेली पोह्यांची बशी पुढे ओढली.

"तू दर महिन्याले घर चालोलं," हे म्हणाले. "एक डाव तरी एक तारखेले तुह्या हातात पुरा पगार ठेवाचा होता. मास्तरकीचाच. क्लासचा, दुसऱ्या कामाचा नाई."

मी भांडायला उभी होते, ती तिथेच त्यांच्याजवळ खाली बसले. बावीस जून मी ह्या माणसाला बोल बोल बोलले होते, आणि हा माणूस माझ्यासाठी थांबला होता.