कॉलेजचं स्थळ बघायला गेलो तेव्हा

मी चौथी शिकलेला, बायको शाळेत गेलीच नाही. पंचवटीत आम्ही दोघं भाजी विकायचो. ती जाऊन आता दुसरं वर्ष चाललंय. लोक म्हणतात, हळूहळू सवय होते. खोटं बोलतात.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. लेक बारावी झाली आणि म्हणाली, कॉम्प्युटर शिकायचाय, प्रोग्रॅम लिहायचेत. आमच्या गल्लीत कुणी कॉम्प्युटर बघितलेला नव्हता. मला वाटायचं, गोदरेजच्या कपाटाएवढं काहीतरी असेल आणि आत माणसागत डोकं असेल. नाशकात दोन कॉलेजांत तिचा नंबर लागत होता. एकाची इमारत तीनमजली, पुढं बाग. दुसरं बघायला गोडाऊनसारखं. मी म्हणालो, बागेवालं घ्या, त्यात बघायचंय काय?

बायको म्हणाली, "पोरगी द्यायची तर आपण घर बघतो, चुलीपर्यंत जातो. हिची तीन वर्षं न बघता द्यायची?"

"आई, कॉलेजशी लग्न नाही लावायचंय माझं."

"लग्न बिनसलं तर माहेरी तरी येता येतं. शिक्षण फसलं तर कुठं येशील? माझ्या भाजीच्या पाटीपाशी."

लेकीला ती पाटी नको होती. आम्हालाही तिच्या डोक्यावर बघायची नव्हती.

बागेवाल्या कॉलेजात क्लार्कनं चपला बाहेर काढायला लावल्या. काचेचं दार, आत गारठा. मधोमध टेबल, त्यावर मखमली कापड. त्यानं कापड अलगद उचललं. टीव्हीसारखी काच आणि पुढं बटणांची फळी, बस्स. कपाटाएवढं नाही हे बघून माझी जरा निराशाच झाली. बायको वाकली. बटणांवर कुंकवाची बोटं, फटीत अक्षता.

"हे कुंकू कधीचं?"

"दसऱ्याचं. सरांनी स्वतः पूजा केली," तो कौतुकानं म्हणाला.

तेव्हा जून चालू होता.

"पोरींना हात कधी लावू देता?"

"पहिल्या वर्षी नुसती थिअरी. पुढं सर चालवून दाखवतात. महागाची वस्तू आहे, बाई."

बाहेर येऊन चपला घालताना ती म्हणाली, "देव्हारा आहे तो. दसऱ्यापासून कुणाचं बोट लागलेलं नाही."

मी म्हणालो, "नाव मोठं आहे त्यांचं."

"नाव धुऊन प्यायचंय का?"

दुसऱ्या कॉलेजात गारठा नव्हता, पंखा होता, तोही कुरकुरत होता. तीन यंत्रं आणि भोवती पोरांचा घोळका. बटणांवरची अक्षरं झिजून गेलेली. एक मॅडम पदर खोचून कुणावर तरी ओरडत होत्या. बायकोनं तोच प्रश्न विचारला. मॅडमनी एका पोराला उठवलं आणि लेकीला म्हणाल्या, "बस. तुझं नाव लिही." लेकीनं एकेक बटण शोधून दाबलं. काचेवर हिरव्या अक्षरांत नाव उमटलं. ती हसली नाही, नुसती बघत राहिली.

मला राहवेना. "मॅडम, हे विचार करतं का?"

"छे. सांगितलं तेवढंच करतं. न सांगता काही नाही."

"आमच्या ह्यांच्यासारखंच," बायको म्हणाली. सगळी पोरं हसली. मीही हसलो, काय करणार.

उठवलेलं पोर मागं चुळबुळत होतं, पण लेक उठेना. शेवटी बायकोनंच तिचा खांदा हलवला. "ऊठ. पाळी त्याची आहे. तुझी जुलैपासून."

पुढं एक दिवस लेक कडेला भोकं असलेला लांबलचक कागद घेऊन आली. त्यावर पाढे छापलेले. तिनं यंत्राला सांगून काढलेले. मी विचारलं, एवढे पाढे त्यानं पाठ कधी केले? पाठ नाही करत, दरवेळी नव्यानं मोजतं, असं ती म्हणाली. मला ते अजून नीट कळलेलं नाही.

बायकोला अक्षर येत नव्हतं, पण पाव, अर्धा, पाऊण मोजायची पावकी तोंडपाठ. भाजी त्यावरच विकायची. तिनं विचारलं, "ह्यात पावकी कुठंय?"

"ती सांगितली नाही त्याला."

"मग सांग की."

आठवड्यानं लेक दुसरा कागद घेऊन आली. आकडे इंग्रजी. ती वाचत गेली, बायको डोळे मिटून सोबत म्हणत गेली. दोघी कुठंच अडल्या नाहीत.

"बरोबर म्हणतंय," बायको म्हणाली. "आता दीडाची दिडकी राहिली. उद्या परत बसू देतील का तुला?"

"देतील," लेक म्हणाली.