फ्रिजातला चीक

मी काम करते त्या संस्थेचं ऑफिस नारायणगुड्यात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. काम सांगायला सोपं आहे. गाई-म्हशी वेळेवर गाभण राहाव्यात आणि त्यांची पिल्लं जगावीत म्हणून गोठ्यागोठ्यांत जाऊन बोलायचं, पत्रकं वाटायची. पत्रकं मी लिहिते, तेलुगूत आणि मराठीत. मराठीतली कुणी वाचत नाही. घरात मराठी बोलणारी पोरंसुद्धा कागद दोन बोटांत धरून म्हणतात, "अक्का, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ टाका ना."

सगळ्यात जास्त वेळा छापलेलं पत्रक चिकाचं. वर ठळक अक्षरांत ओळ: पहिला चीक पिल्लाचा, माणसाचा नाही. ही ओळ आमच्या सरांची. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. म्हैस व्यायल्यावर तिला जे घट्ट, पिवळं दूध येतं तो चीक. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद नसते. ती चिकातून येते, आणि तीही चीक पहिल्या काही तासांतच पोटात गेला तर. आपण काय करतो? त्यात साखर घालतो, वेलची घालतो आणि खरवस वाफवतो. इथले तेलुगू लोक त्याला जुन्नु म्हणतात. पिल्लू उपाशी ठेवण्यात दोघांचं एकमत आहे.

माझ्या मामा-मामींचा गोठा शहराच्या टोकाला आहे. भोवती शेतं होती तिथे आता अपार्टमेंट आलेत. बाल्कनीतून शेणाच्या वासाची तक्रार करायची आणि खाली येऊन दूध न्यायचं, असं त्या लोकांचं चाललेलं असतं. गोठ्यात एक जुनी म्हैस आहे. मामी तिला नुसतं 'म्हातारी' म्हणते. तिच्यासारखं दूध दुसऱ्या कुठल्याच म्हशीला नाही, पण तिच्यामागे तिची मुलगी गोठ्यात उरलेली नव्हती. टोणगे झाले, ते गेले. एक पारडी झाली होती, म्हणजे मादी पिल्लू, ती आठवडाभरही टिकली नाही. त्यानंतर म्हातारी सारखी उलटायला लागली. भरवून आणली तरी गाभण राहीना. मी डॉक्टर नेले. म्हशीचा माज मुका असतो, ओरडत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे लक्ष ठेवायला मामीला शिकवलं. शेवटी ती गाभण राहिली. डॉक्टर म्हणाले, हे बहुतेक शेवटचं वेत. मामी रोज तिच्या पाठीवर हात फिरवून सांगायची, "एक पारडी दे म्हातारे, मग बस तू आरामात."

एका सकाळी मामीचा फोन आला. "पारडी झाली! ये लवकर."

काचीगुड्यातल्या घरून स्कूटी काढली ती थेट गोठ्यावर. पारडी पोत्यावर पडलेली, अजून ओलसर. उठायची, पाय घसरायचे, पुन्हा बसायची. तोंड हवेतच चुटचुट करत होतं.

"पाजलं?" मी विचारलं.

"वार पडू दे की आधी."

वार म्हणजे व्यायल्यानंतर पोटातून बाहेर पडणारी पिल्लाची पिशवी. ती पडेपर्यंत पिल्लाला पाजायचं नाही, असा आमच्याकडचा नियम. कुणी केला माहीत नाही, पण मोडायची हिंमत कुणाला नाही.

"मामी, उलट पिल्लू प्यायलं की कळा येतात. वार पडायला मदतच होते."

"तुझ्या पत्रकात लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"मग म्हशीला वाचून दाखव."

मी खाली वाकून बघितलं. कास सैल पडलेली होती.

"मामी, कास रिकामी कशी?"

ती पारडीचं अंग पुसायला लागली. "तुंबली होती. तुझ्या मामांनी पिळून नेली. चीक उगं सांडून द्यायचा का? गिऱ्हाईकं कधीची वाट बघायलीत."

म्हणजे पिल्लाला पाजायचं नाही, कारण वार पडलेली नाही. आणि पिल्लाचा चीक शहरात पोचवायचा, कारण गिऱ्हाईकं वाट बघतायत. मी हे असंख्य गोठ्यांत ऐकलंय. आपल्याच मामीच्या तोंडून ऐकताना नुसता थकवा आला.

मामांना फोन लावला. "कुठे आहात?"

"तुझ्याच आईपाशी. च्या पियायलाव."

"चीक परत आणा. पारडीला पाहिजे."

"आता कुठला परत? साखर पडली त्यात."

मागून आईचा आवाज आला, "बेगम बाजारातून वेलदोडे आणून ठेवलेत मी मुद्दाम! शेजारी सांगून बसलेय."

"आई, पारडी मरेल."

"शुभ बोल गं. संध्याकाळच्या धारेचं पाजतील की तिला."

मामांनी फोन परत घेतला. "हे बघ, एक कॅन बिनसाखरेचा हाय. पण तो देऊन टाकला."

"कुठे?"

"तुझ्या हाफिसात. तुझ्या सायबांनी मागितला होता."

मग म्हटलं, "तो घेऊन या."

"दिलेली चीज परत मागू? नक्को बाई, इज्जतीचा सवाल हाय."

मग मीच निघाले. निघताना मामीला सांगितलं की कासेतून जेवढं निघेल तेवढं काढून बोटानं पारडीच्या तोंडात घाल. ती पारडीचं अंग पुसत राहिली.

नारायणगुड्याला पोचेपर्यंत किती सिग्नल लागले ते मला आठवायचं नाही. ऑफिसात सर त्यांच्या खुर्चीत होते आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला आमचंच पत्रक होतं, मोठं करून लावलेलं. मी फ्रिज उघडला. कॅन कुणाच्या तरी डब्यामागे ठेवला होता.

"ते माझं आहे," सर म्हणाले.

"माहीत आहे सर. ज्या पारडीचं आहे तिला अजून थेंब मिळालेला नाही."

ते उठून उभे राहिले. "अगं, पिल्लाला पाजून उरलेला असेल असं मी धरून चाललो होतो."

"तुम्ही विचारलं होतं?"

"नाही विचारलं." मग हळूच म्हणाले, "माझ्या आईला काही चाववत नाही आता. खरवस तेवढा खाते ती."

रस्ताभर मी त्यांच्यासाठी चांगली धारदार वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं एकही बोलले नाही. "न्या न्या, लवकर न्या," म्हणत त्यांनी स्वतः कॅन पिशवीत घालून दिला. जिना उतरताना वाटलं, पत्रकावरची ओळ लिहिणाराच ती वाचत नसेल तर पोरांना काय बोलायचं?

परत आले तेव्हा पारडीने उठायचा नाद सोडला होता. कान खाली पडलेले, हाताला थंड लागणारे. वार अजून पडलेली नव्हती. मामीने कॅन माझ्या हातातून घेतला, "बर्फ झालाय नुसता," म्हणाली आणि चालली गॅसकडे.

"मामी, गॅसवर नको! खरवस होईल!"

ती थबकली. कॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम हसली. मलाही हसू आलं. मग बादलीत कोमट पाणी घेऊन कॅन त्यात उभा केला आणि चीक अंगाइतका उबदार होईपर्यंत दोघी बसून राहिलो.

चीक बाटलीत भरला, पण तिचं रबरी बोंड पारडी तोंडात धरेना. मी घातलं की बाहेर ढकलायची. मामी म्हातारीच्या मागे लोंबणाऱ्या वारेकडे बघत होती.

"मागची बी अशीच कान पाडून बसली होती," ती म्हणाली. "वार पडंस्तोर थांबले मी. मग पिलीच नाही."

तिने बाटली माझ्याकडून घेतली, पारडीचं डोकं मांडीवर घेतलं, जिभेवर आपलं बोट ठेवलं आणि बोटाबरोबर बोंड आत सरकवलं. पारडीने एकदा चोखलं, थांबली. पुन्हा चोखलं. मग बाटलीत बुडबुडे यायला लागले.

वार दुपारी पडली, आपली आपण. मामीने दोन्ही हात म्हातारीला जोडले.

पारडी जगली. मधे तिला हगवण लागली, अंगावरचे केस राठ आहेत, पण दावं ओढून पळते.

मागच्या आठवड्यात पत्रकं घेऊन त्याच बाजूला गेले होते. मामीच्या शेजारच्या गोठ्यात सकाळीच गाय व्यायलेली, दुपार होत आली तरी वासरू कोरडंच. चीक कुठे, म्हणून विचारलं. बाई मोठ्या खुशीत म्हणाली, "फ्रिजमध्ये आहे ना. थंड झाला की मग पाजणार. तुमच्या मामीची पारडी फ्रिजातल्या चिकावरच जगली, माहीत नाही का तुम्हाला?"

तो चीक तिथेच कोमट करून वासराला पाजला. मग तडक मामीकडे गेले. "काय सांगत फिरतेस तू?"

"जे झालं ते सांगितलं," मामी म्हणाली. "चुकीचं असलं तर तू समजाव त्यांला. तुझं कामच हाय ते."

गल्लीत अजून बरेच गोठे बाकी होते. मी पाणी प्यायले, हेल्मेट उचललं आणि निघाले.