घासलेली काच

"तिला कशाला विचारायचं? इंग्लिश मिडियमची हाय ती. आधी पुस्तक वाचंल, मग काचेला हात लावू देईल."

खाली पार्किंगमध्ये मोठे काका पप्पांना सांगत होते. मी जिन्यातच थांबले. गाडी पप्पांच्या नावावर असली तरी वाळूजला ऑफिसला रोज मीच नेत होते. वायपरचं रबर झिजलं होतं, धुळीवर ते कोरडंच फिरलं आणि समोरच्या काचेवर, नेमका चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, ओरखडा उठला. काकांनी ड्रिल मशीनला गोल पॅड लावलं, पांढरी पेस्ट थापली आणि घासायला सुरुवात केली. आमच्याकडे थोरल्यांनी हातात घेतलेल्या कामाला कुणी नको म्हणत नाही. पप्पा पाण्याचा मग धरून उभे राहिले. मीही जिन्यातून खाली उतरले नाही.

ओरखडा गेला. काका खूश होते. "बघ, लई भारी! बाहेर लुटलं असतं तुला."

दुसऱ्याच दिवशी अंधार पडता पडता नगर नाक्याकडे येताना समोरच्या ट्रकचे दिवे त्या काचेवर फुटून पसरले. मला रस्ताच दिसेना. मी ब्रेक दाबला, मागून रिक्षा धडकली. कुणाला लागलं नाही, बंपर चेपला. घरी मात्र निकाल लगेच लागला. "पोरींना अंधारात गाडी जमत नाय," काका म्हणाले, आणि पप्पांनी चावी काढून घेतली. मी कंपनीच्या बसनं जाऊ लागले.

रविवारी मी नुसतीच गाडीत बसले आणि मान वरखाली करून पाहिलं. घासलेल्या जागेतून गेटचे गज वळवळत होते. ओरखडा घालवताना काच तिथं खोलगट झाली होती. पप्पांना दाखवलं. त्यांनाही दिसलं. "असू दे गं, दादाला वाईट वाटेल."

त्यानंतर सणावाराला काकांच्या पाया पडताना मी देवाकडे एकच मागायचे. यांना एकदा त्या सीटवर बसव. अपघात नको. नुसता घाम फुटू दे, आणि मला बघू दे.

दिवाळीला वैजापूरचे जावई, काकांचे, स्वतःच्या गाडीनं आले. त्यांच्याही काचेवर चरा होता. काकांनी ड्रिल बाहेर काढलं.

"आत्ता नवीकोरी करतो, जावईबापू. हिची बी मीच केली होती. पण चालवणारीचे डोळेच कच्चे, काच काय करील?"

सगळे हसले. पप्पाही. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पलीकडे काकांची नवी गाडी होती, आणि तिच्या काचेवर चांगला हातभर चरा होता. पावसाळ्यापासून मी तो बघत होते. त्याला त्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

ट्रे मी त्याच गाडीच्या बॉनेटवर ठेवला. चारचौघांत मी कधी बोलत नाही, त्यामुळे मी तोंड उघडताच सगळे वळून बघायला लागले.

"मोठे काका, आधी तुमची काच घासा. मग अंधार पडू द्या, आणि जावईबापूंना शेजारी बसवून कन्नडचा घाट उतरा. मी मागं बसते."