रजा मिळाली नाही

लग्नानंतरच्या नऊ वर्षांत आम्ही चार वेळा मोठी सुट्टी घेतली आणि चारही वेळा नागपूरला गेलो. अमेरिकेत, रेडमंडमध्ये आमच्या ओळखीतलं प्रत्येक मराठी जोडपं हेच करायचं. दोन वर्षं रजा साठवायची, मग हिवाळ्यात एकदम चार आठवडे काढून घरी जायचं. रजा आपली नसतेच, ती घरच्यांची असते आणि आपण ती नुसती सांभाळायची, असा अलिखित कायदा होता.

मी तो मोडायचं ठरवलं, त्याला कारण एक ब्रोशर. त्यावर अलास्कातल्या निळ्या हिमनदीसमोर एक पांढरं जहाज उभं होतं. आमच्या लहानपणी नागपूरच्या उन्हाळ्यात बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी, तीसुद्धा घरी येईस्तोवर अर्धी झालेली. मी ते ब्रोशर फ्रिजवर लावलं. नवरा तीन आठवडे ते न दिसल्यासारखं करून फ्रिजमधून दूध घेत राहिला. चौथ्या आठवड्यात म्हणाला, "पण मग या वर्षी आईकडे जाता येणार नाही."

"तेच तर," मी म्हटलं.

सासूबाईंना फोन मीच केला. नवरा खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात आणि फोनवरसुद्धा ते ऐकू येतात. मी सांगितलं की यांच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं मोठं रिलीज आहे, रजा मिळाली नाही. सासूबाई म्हणाल्या, "काम आधी. मग गाद्या पुढच्या वर्षीच पिंजून घेते."

आम्ही येणार म्हणून दरवेळी त्या गाद्या पिंजून घेत. हे ऐकल्यावर मला रात्रभर डास चावल्यासारखं झालं. पण ब्रोशर मी काढलं नाही.

जूनमध्ये व्हँकुव्हरहून जहाज सुटलं. पहिल्या संध्याकाळी जेवायला बसलो. नवरा सूप पिता पिता मेनूकार्डातला एकेक शब्द परीक्षेचा पेपर असल्यासारखा वाचत होता. तेवढ्यात तीन टेबलं पलीकडे एका बाईंनी पर्समधून लोणच्याची बाटली काढली. ती बाटली मी लगेच ओळखली, कारण लोणचं मीच घातलं होतं.

त्या आमच्या मानलेल्या काकू होत्या. रेडमंडमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. शेजारी पाठमोरे काका. आता या काकूंची सख्खी बहीण नागपुरात सासूबाईंच्या समोरच्याच घरात राहते. काकूंना कळलं की बहिणीला कळणार, बहिणीला कळलं की कुंपणावरून सासूबाईंना. रजा न मिळालेला मुलगा सूप पितोय, जहाजावर.

आम्ही सूप तसंच टाकून उठलो.

पुढचे तीन दिवस चोरासारखे काढले. सगळे जेवून गेले की आम्ही वरच्या बुफेला जायचो आणि उरलेली उकडलेली गाजरं खायचो. केबिनला खिडकी नव्हती. बाहेर देवमासे दिसल्याची घोषणा व्हायची आणि आम्ही पलंगावर बसून रमी खेळायचो. जूनोचं बंदर आलं तेव्हा काका-काकू उतरून दृष्टीआड होईपर्यंत थांबलो, मग उतरलो. तिथे नवरा पाय मोकळे करायला म्हणून एकटाच अर्धा तास कुठेतरी जाऊन आला. मी तेव्हा टोपी घेत होते, लक्ष दिलं नाही.

हिमनदीच्या दिवशी सकाळी जहाज थांबलं. सगळ्यांनी डेकवर यावं, अशी घोषणा झाली.

"काका तिथेच असणार," नवरा म्हणाला. "फोटो विकत मिळतात, यार. आपण फोटो घेऊ."

"सासूबाईंशी खोटं बोलले ते फोटोसाठी नाही," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रागही आला होता, त्याच्यापेक्षा जास्त स्वतःचाच. मी ओढणी घेतली आणि नागपूरच्या उन्हात मुली बांधतात तशी तोंडाला बांधली. फक्त डोळे उघडे. वर नवी टोपी. नवरा मागून आला, पण डेकच्या कोपऱ्यातच लपला.

कठड्याशी गर्दी होती. जेमतेम एक जागा मिळाली. समोर बर्फाची भिंत, ब्रोशरपेक्षा निळी. बाजूला कुणी बाई शालीत गुरफटून, काळा चष्मा लावून उभ्या होत्या. थंडीमुळे असेल म्हणून मी पाहिलं नाही. मग भिंतीचा एक तुकडा सुटला, आधी पाण्यात कोसळला आणि आवाज मागाहून आला, ढग गडगडावा तसा.

"अगं आई गं," मी म्हणाले.

"अगं बाई," शालीतून आवाज आला.

आम्ही दोघी एकमेकींकडे वळलो. काकूंनी चष्मा काढला. मी ओढणी सोडली.

"तुमचं रिलीज होतं ना गं?" काकू म्हणाल्या.

"हो. आणि तुमच्याकडे तर नागपूरहून पाहुणे आलेत ना, काकू?"

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. "बहिणीचे व्याही येणार होते. दहा वर्षांत आठ वेळा नायगारा दाखवलाय मी लोकांना. या वेळी सांगितलं, यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे." त्यांच्यापलीकडे काका डोळ्यांना दुर्बीण लावून सील मोजत होते. "तुम्हाला पहिल्याच दिवशी पाहिलं. तेव्हापासून आम्ही खोलीतच जेवतोय."

आम्ही तिथेच शपथ घेतली. माझ्या गळ्याची त्यांनी, त्यांच्या गळ्याची मी. नागपूरला अवाक्षर कळणार नाही. मग कोपऱ्यात लपलेल्या नवऱ्याला ओढून आणलं आणि चौघंही कठड्याशी उभे राहिलो. पुढचा तासभर मी निव्वळ सुखात होते, ते तसंच लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून उजळमाथ्याने नाश्ता केला. काकूंनी लोणचं मधोमध ठेवलं आणि शपथेची हकीकत काकांना रंगवून सांगितली. तेवढ्यात माझं लक्ष नवऱ्याच्या कानांकडे गेलं.

"काय केलंस?" मी विचारलं.

नोकरी लागल्यापासून तो प्रत्येक नव्या गावाहून आईला चित्राचं कार्ड टाकतो. सासूबाई ती टेबलाच्या काचेखाली लावतात. जूनोला पोस्ट ऑफिस दिसलं आणि याचा हात आपोआप चालला.

"काय लिहिलंस?"

"नेहमीचंच. इथे थंडी आहे, तब्येत जप." त्याने टोस्ट खाली ठेवला. "आणि जहाजावर काका-काकूही आहेत, म्हणजे काळजी नको."

काकांची कॉफी टेबलभर सांडली. काकूंनी लोणच्याची बाटली उचलून पर्समध्ये ठेवली.

घरी परतल्यावर दर रविवारी फोनवर मी सासूबाईंच्या आवाजात कार्ड शोधायची. त्या पाऊस आणि भाजीबद्दल बोलायच्या. ऑगस्टमध्ये पत्र आलं. वर नाव माझं होतं, मुलाचं नाही. मी ते पत्रपेटीपाशीच उभ्याने फोडलं.

"कार्ड मिळालं," सासूबाईंनी लिहिलं होतं. "समोरचीला दाखवलं नाही. ती तिच्या मेहुण्यांच्या डोळ्यांसाठी रोज दिवा लावते, तो लावू दे. रजा मिळाली नाही म्हणालीस तेव्हा वाईट वाटलं, पण कार्ड पाहून बरं वाटलं. चौतीस वर्षांत मी या घरातून गेले ती माहेरी नाहीतर कुणाच्या लग्नाला. नुसतं बघायला म्हणून कुठे गेले नाही. खोटं बोलून जाता येतं हे सुचलंच नाही. आता जाशील तेव्हा तीन तिकिटं काढ. इथे काय सांगायचं ते मी बघते."

पुढच्या जूनमध्ये सासूबाई आल्या. हिमनदीसमोर दोन तास कठड्याला धरून उभ्या राहिल्या. टोपी दिली ती घातली नाही, जेवायला बोलावलं तर आल्या नाहीत.

घरी पोचलो त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"बहिणीने विचारायला सांगितलंय," काकू म्हणाल्या. "तुझं पोटाचं ऑपरेशन कसं झालं? तुझी सासू तुझी सेवा करायला आली आहे ना."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या बर्फाचं एक कार्ड हातात घेऊन बसल्या होत्या. ते त्यांनी स्वतःसाठी घेतलं होतं, काचेखाली लावायला.

"झालं, काकू," मी म्हटलं. "त्यांना आता खूप बरं वाटतंय."